दाता क्रमांक तीन

डॉ. कुमुदिनी मगदूम यांना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मगदूम बाईंना, मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात नव्हे, प्रयोगशाळेतही नव्हे, तर एका पानपट्टीवर. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बंडूमामांच्या पानपट्टीसमोर साधी सुती साडी नेसलेल्या, खांद्याला शबनम पिशवी अडकवलेल्या, पन्नाशीला आलेल्या एक बाई उभ्या होत्या आणि सिगारेटचं पाकीट मागत होत्या. चार माणसं बघत होती, त्याचं त्यांना काही नव्हतं.

"गेल्या बारीला दिलं होतं तेच द्या. दुसरं चालणार नाही."

"बाई, त्यो माल संपलाय बगा. ह्यो घ्या की, ह्यो बी कडकच हाय," बंडूमामा म्हणाले.

"मला कडक नको हो मामा, सारखा पायजे."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. नुकतीच पेटवलेली सिगारेट हातात होती. समोरच्या बाई शिक्षिका आहेत हे त्यांच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळत होतं, त्यामुळे लहानपणापासूनच्या सवयीने माझा हात आपोआप पाठीमागे गेला. बाई वळल्या, "पावणं, जरा वाट द्या," म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने निघून गेल्या. बंडूमामांनी मला माहिती पुरवली, "कॉलेजातल्या मास्तरीण हायती. धूर बाटलीत भरत्यात म्हणं."

आठवड्याभराने मी प्रकल्प सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो, तर टेबलापलीकडे त्याच बाई. त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला सारली आणि एकच प्रश्न विचारला. शंभर पेशी मोजायच्या आहेत, एकोणनव्वदाव्या पेशीवर असताना कुणी हाक मारली, तर काय करशील? मी म्हणालो, पुन्हा पहिल्यापासून मोजीन. जागा मला मिळाली. बाईंनी मला ओळखलेलं दिसत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

बाईंचं काम विज्ञानाशी संबंध नसलेल्यांनाही कळेल असं लिहा, अशी या गौरवग्रंथाच्या संपादकांची सूचना आहे. प्रयत्न करतो. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू शरीरात शिरला की त्यांतल्या काही पेशी त्याच्या दिशेने सरकत जातात, त्याला वेढतात आणि गिळून टाकतात. फुप्फुसांतही अशाच पेशींचा पहारा असतो. सिगारेटचा धूर या पेशींचं काय करतो, हा बाईंचा आयुष्यभराचा प्रश्न. धूर म्हणजे काही नुसतं निकोटिन नव्हे. कढईतलं तेल करपलं की डोळ्यांना जे झोंबतं ते ॲक्रोलिन त्यात असतं, हायड्रोक्विनोन असतं, आणखी कितीतरी द्रव्यं असतात. या द्रव्यांनी पेशी मरतेच असं नाही, हे बाई नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. "मेली असती तर कळलं असतं. ती जित्ती असते, आणि समोर जंतू आला तरी गप्प बसते. दुसरीला हाकसुद्धा मारत नाही," असं त्या म्हणत. वर्गात बाईंची भाषा प्रमाण असे. बाकी वेळ त्या कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईसारख्या "मी येतो, मी जातो" असंच बोलत, आजही बोलतात.

प्रयोगाची पद्धत साधी होती. पंपाने सिगारेटचा धूर ओढून तो द्रावणातून बुडबुडत नेला की धुराचा अर्क तयार होई. दात्याच्या रक्तातल्या पेशी काचपट्टीवर बसवायच्या, निम्म्या साध्या ठेवायच्या, निम्म्या अर्कात भिजवायच्या. मग उष्णतेने मारलेलं यीस्ट त्यांच्यासमोर टाकायचं आणि तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, शंभरांतल्या कितींनी यीस्ट खाल्लं. आमच्याकडे याला "पंगत" म्हणत. पेशी "जेवत" किंवा "उपाशी राहत". सकाळी बाईंचा पहिला प्रश्न असे, "काल पंगत कशी बसली?"

बाईंचं एक वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ आहे: धरून चालू नका, मोजा. पाकिटाचा छाप बदलला म्हणून त्यांनी पूर्ण आठवड्याचं काम टाकून दिलेलं मी पाहिलं आहे. एकदा रक्त द्यायला ठरलेला एक दाता आदल्या दिवशी जोतिबाच्या यात्रेला जाऊन आला होता, कानांच्या मागे अजून गुलाल होता. बाईंनी त्याला पोहे खायला घातले आणि परत पाठवलं. "गुलालाची धूळ छातीत गेली असंल, नसंलही. धरून कशाला चालायचं? आठ दिवसांनी या," असं सांगितलं. तो बिचारा पुढच्या आठवड्यात परत आला. माणसं बाईंच्या शब्दासाठी येत असत.

आता मला जे लिहायचं आहे ते या ग्रंथात शोभेल की नाही, मला ठाऊक नाही. पण ते न लिहिता बाईंचा गौरव करणं म्हणजे त्यांच्यासमोर बसून खोटे आकडे सांगण्यासारखं होईल.

बाईंच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना आठवत असेल, बाईंनी एक छापून आलेला शोधनिबंध मागे घेतला होता. त्यावरून पुढे किती वर्षं काय काय बोललं गेलं, तेही आठवत असेल. मगदूम बाईंचे आकडे कच्चे, मगदूम बाई घाई करतात, मगदूम बाईंनी प्रसिद्धीसाठी काहीतरी जुळवलं. त्याच वर्षी विभागप्रमुखपदासाठी त्यांचं नाव पुढे होतं, ते मागे पडलं. निवृत्त होईपर्यंत ते पद त्यांना मिळालं नाही. या सगळ्याचं खरं कारण दोन माणसांना माहीत होतं, त्यांतल्या एक बाई. दुसरा मी.

प्रयोगासाठी धूम्रपान न करणारे निरोगी दाते लागत. त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला जाई. दात्याचं नाव वहीत लिहायचं नाही, फक्त क्रमांक, असा बाईंचा नियम होता. एक दाता ऐन वेळी आला नाही म्हणून बाई मला म्हणाल्या, "सूर्यकांत, तूच दे की रक्त." फॉर्मवर प्रश्न होता, धूम्रपान करता का? मी "नाही" लिहिलं. बाईंची मर्जी गमवायची भीती होती, शिवाय दिवसाला तीन-चार सिगारेटी म्हणजे काही ओढणं नव्हे, असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. प्रयोगशाळेला कायमच धुराचा वास असे, त्यामुळे माझ्या कपड्यांचा वास त्यात खपून जाई. मी झालो दाता क्रमांक तीन. आणि रोज हाताशी असलेला दाता म्हणून सगळ्यांत जास्त रक्त माझंच वापरलं गेलं.

परिणाम व्हायचा तोच झाला. माझ्या साध्या पेशी मुळातच सुस्त होत्या. त्यामुळे धुराच्या सौम्य अर्कात भिजवलेल्या पेशी आणि साध्या पेशी यांच्यात फारसा फरक दिसेना. बाई बुचकळ्यात पडल्या, दोनदा प्रयोग करायला लावला. पण मोजलं ते मोजलं, म्हणून त्यांनी निबंधात तसंच लिहिलं: तीव्र अर्काने पेशी दबतात, सौम्य अर्काने विशेष फरक आढळत नाही. निबंध छापून आला. आम्ही पेढे वाटले. ते पेढे वाटणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो.

पुढच्याच महिन्यात कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बाईंचं व्याख्यान होतं. बाई अशा ठिकाणी सूक्ष्मदर्शक घेऊनच जात. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना पेशी दाखवत, त्यांच्या भाषेत समजावून सांगत. त्या दिवशी त्यांनी सगळं नेहमीसारखं सांगितलं, आणि शेवटी आमचा नवा निष्कर्षही सांगितला, कारण आवडता भाग सांगायचा आणि नावडता लपवायचा हे त्यांना जमत नाही. डबा पुसत बसलेला एक मोल्डर, साचे घालणारा कामगार, मोठ्याने म्हणाला, "म्हंजे बाई, दोन-चार चालत्यात म्हणा की! मी बी तितक्याच वडतोय. आता बायकूला सांगतो, कालिजातल्या बाईंनी परवानगी दिल्या म्हणून."

सगळे हसले. त्या माणसाला बोलता बोलता मधेच खोकला येत होता. बाई हसल्या नाहीत. मी भिंतीला टेकून उभा होतो, खिशातल्या पाकिटावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा बाईंच्या टेबलावर सगळ्या प्रयोगवह्या उघड्या होत्या. त्यांनी आकडे तारखांप्रमाणे न लावता दात्यांप्रमाणे लावले होते. बाकीच्या दात्यांच्या साध्या पेशी पोटभर जेवलेल्या, आणि एका दात्याच्या दर वेळी निम्म्याशिम्म्या उपाशी. बाईंनी विचारलं, "तीन नंबर कोण?"

"मी, बाई."

"ओढतोस?"

मी म्हणालो, "नाही."

होय, तेव्हासुद्धा मी नाहीच म्हणालो. बाई रागावल्या नाहीत. "बस, बोट दे," म्हणाल्या. त्यांनी स्वतः टोचलं, काचपट्टी केली, यीस्ट टाकलं, तासभर माझ्यासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. "मोज."

मी मोजायला लागलो. माझ्याच पेशी. यीस्टचे गोल दाणे त्यांच्या अगदी अंगाला टेकून पडलेले होते आणि त्या ढिम्म होत्या. त्या प्रयोगशाळेत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण मोजताना खोटं बोलायचं नाही हे शिकलो होतो. चाळिसाच्या पुढे मला मोजता येईना. डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडलं. मी म्हणालो, "ओढतो, बाई. कॉलेजात असल्यापासून ओढतो."

बाईंनी पदराने भिंग पुसलं. "एकेचाळीसपासून पुढं मोज," एवढंच म्हणाल्या. मग लगेच स्वतःला दुरुस्त केलं, "न्हाई, पहिल्यापासून."

त्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचून परत दिला. त्याच बैठकीत त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. एक दाता धूम्रपान करणारा होता, त्याची तपासणी करून घेणं ही माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही, म्हणून निबंध मागे घेत आहे. माझं नाव नव्हतं, सहायकाच्या चुकीचा उल्लेखही नव्हता. मी म्हणालो, "बाई, माझं नाव घाला." त्या म्हणाल्या, "तुझं वय काय? चोवीस. माझं सगळं आयुष्य मागं आहे, ते लोकांनी बघितलंय. तुझं कुणी बघितलं न्हाई अजून." नंतर त्या एकट्याच कागलला गेल्या, त्या मोल्डरला शोधून काढलं आणि त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं की माझं चुकलं, दोनसुद्धा चालत नाहीत. एका प्राध्यापिकेने कारखान्यात जाऊन असं सांगावं, याचं त्या माणसाला इतकं नवल वाटलं की पुढे तो स्वतःहून आमचा दाता झाला, धूम्रपान करणाऱ्यांच्या गटातला, आणि पुढे सोडणाऱ्यांच्या.

सगळं काम पुन्हा उभं करायला दोन वर्षं लागली. या वेळी प्रत्येक दात्याच्या लघवीत निकोटिनचा अंश आहे का ते आधी तपासलं जाई, मग तो दाता कुणीही असो. नवे आकडे स्पष्ट होते. सौम्य अर्कातही पेशी दबत होत्या, गिळणं कमी होत होतं, दुसऱ्या पेशींना बोलावणारे संकेत मंदावत होते. हा दुसरा निबंध आज विद्यार्थ्यांना शिकवला जातो. पहिला मागे घेतला होता एवढंच मात्र लोकांच्या लक्षात राहिलं.

माझी सिगारेट कशी सुटली, तेही सांगतो. बाईंनी एकदाही उपदेश केला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझं बोट टोचलं जाई आणि माझ्या पेशी मीच मोजत असे. बाईंचं माहेर नृसिंहवाडीचं. तिथून आणलेल्या कवठाच्या बर्फीचा डबा त्यांच्या कपाटात असे. ज्या महिन्यात ओढली नाही त्या महिन्यात एक वडी. ओढली असेल तर डबा निघायचा नाही, बस. पंचविशीच्या माणसाला वडीचं आमिष, याचं मलाच हसू यायचं. पण काही महिन्यांनी एका सोमवारी मी भिंगातून पाहिलं तर माझ्या पेशी जेवत होत्या. मी ओरडलोच. बाईंनी डबा उघडला आणि अख्खा माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी त्या वेळी लिहून ठेवायला हवं होतं.

पुढे मला कॉलेजात नोकरी लागली ती त्यांच्या शिफारसपत्रावर. त्यात एकच ओळ महत्त्वाची होती: हा मुलगा मोजताना खोटं बोलत नाही. ते वाचून मी घरी येऊन रडलो होतो. त्या ओळीला जागायचं म्हणूनच मी आजवर शिकवत आलो.

आणि तरीही एवढी वर्षं मी गप्प राहिलो. चहाच्या टेबलावर बाईंच्या आकड्यांवरून कुणी कुजकं बोललं की मी कपात बघत बसे. बाई ज्या पेशीविषयी आयुष्यभर सांगत आल्या, जित्ती असून गप्प बसणारी, ती मी होतो.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. बाईंचं आता पंचाहत्तरावं वर्ष चालू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, हात थोडा थरथरतो, पण खिडकीजवळ जुना सूक्ष्मदर्शक अजून झाकून ठेवलेला असतो. मी म्हणालो, "बाई, मला सगळं खरं लिहायचं आहे. परवानगी मागायला आलोय."

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचं कापड सारखं केलं. मग म्हणाल्या, "लिही की. पण माझं बी लिही मग."

"तुमचं काय, बाई?"

"बंडूमामाच्या पानपट्टीवर तू हात मागं घेतलास, तेव्हा तुझ्या पाठीमागनं धूर निघत होता. मी बघितला होता. मुलाखतीला आलास तेव्हा ओळखलं होतं. फॉर्मवर तू 'नाही' लिहिलंस, तेव्हा मी म्हटलं, सोडली असंल. चांगला मुलगा आहे, सोडली असंल." आणि पुढे म्हणाल्या, "सगळ्यांना सांगत आलो, धरून चालू नका. आणि मीच धरून चाललो, सूर्यकांत. पत्रात लिहिलं ते तुला वाचवायला न्हाई लिहिलं. खरं होतं म्हणून लिहिलं."

पंचवीस वर्षं मी समजत होतो की बाईंनी माझा अपराध स्वतःवर घेतला. बाई त्यांचा स्वतःचा भार वाहत होत्या, माझ्याविषयी तक्रारीचा एक शब्दही न काढता.

त्यांनी कपाटातून जुनी प्रयोगवही काढली. पहिल्या पानावर दात्यांची यादी होती. काम संपल्यावर बाईंनी प्रत्येक दात्याची परवानगी घेऊन क्रमांकापुढे नाव लिहून ठेवलं होतं. तीनपुढची जागा तेवढी कोरी. बाईंनी वही माझ्यासमोर सरकवली, पेन दिलं आणि म्हणाल्या, "तुझं तू लिही आता." मी लिहिलं. बाईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन ते वाचलं, मान हलवली आणि मग आत जाऊन कवठाच्या बर्फीचा डबा घेऊन आल्या.

वाचकांना, विशेषतः बाईंच्या जुन्या सहकाऱ्यांना, माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. मगदूम बाईंचे आकडे कधीच कच्चे नव्हते, कच्चा दाता होता. आणि बाईंना माझी एवढीच प्रार्थना कळवायची आहे की त्यांच्या रक्तातल्या एकूण एक पेशीला अशीच कडकडून भूक लागत राहो, त्यांची पंगत शंभरी ओलांडूनही चालत राहो, आणि दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला माझं बोट टोचायला त्यांचा हात असो. थरथरला तरी चालेल.

सूर्यकांत पोवार,
दाता क्रमांक तीन